बलून पुस्तकात नाहीच! ‘एटी डेज’ आणि त्याचे सिनेमे, एका एडिटरच्या टेबलावरून

ताई, तुमचा प्रश्न थोडक्यात असा की मुलगी अकरा वर्षांची, तिने डेव्हिड टेनंटवाली सीरीज बघितली, मग हौसेने ज्यूल व्हर्नचं ‘अराउंड द वर्ल्ड इन एटी डेज’ वाचायला घेतलं आणि आता अर्धं पुस्तक झालं तरी बलून येत नाही म्हणून वैतागलीय. शिवाय तुम्हाला हवंय की इतक्या सिनेमांतला पुस्तकाला धरून कोणता, आणि आधी पुस्तक की आधी सिनेमा.

बलून येणार नाही, तिला सांगून टाका. ३७ प्रकरणं आहेत पुस्तकात, त्यात आगगाडी आहे, बोट आहे, हत्ती आहे, शिडाची घसरगाडी आहे, पण बलून नाही. फक्त ३२व्या प्रकरणात, न्यूयॉर्कला बोट चुकल्यावर, अटलांटिक बलूनने ओलांडायचं म्हणजे भलतंच धाडस आणि तसं जमणारंही नाही, असा एक उल्लेख येऊन जातो. म्हणजे लेखकाने बलूनचं नाव काढलंय ते नको म्हणायलाच. गंमत म्हणजे याच माणसाने १८६३ मध्ये आफ्रिकेवरून बलूनने जाणाऱ्यांची आख्खी कादंबरी लिहिली होती, त्यामुळे त्याला बलून सुचला नसेल असं नाही, त्याला तो इथे नको होता.

का नको होता ते कळलं की सगळे सिनेमे कुठे घसरतात तेही कळतं, म्हणून जरा लांबण लावतो, चालवून घ्या. मी एडिटर आहे, २६ वर्षं अंधेरी-गोरेगावच्या बिनखिडकीच्या एसी खोल्यांमध्ये बसून लोकांच्या कथा कापतोय, सिरियल, जाहिराती, दोन-चार सिनेमे, आता वेब सीरीज. त्यामुळे मी हे पुस्तक वाचतो तेही टाइमलाइन वाचल्यासारखंच, सवय जात नाही.

आधी काळ बघा. १० मे १८६९ ला अमेरिकेची आरपार रेल्वे जोडली गेली. नोव्हेंबर १८६९ ला सुएझचा कालवा उघडला. ७ मार्च १८७० ला जबलपूरला जीआयपी (ग्रेट इंडियन पेनिन्सुला) आणि ईस्ट इंडियन रेल्वेची लाइन मिळाली आणि मुंबई ते कलकत्ता सलग गाडी झाली. दहा महिन्यांत जगातले तीन मोठे दरवाजे उघडले, आणि १८७१ ला आल्प्समधला बोगदाही सुरू झाला. म्हणजे एखादा साधा माणूस, राजा नाही, सैन्य घेऊन नाही, फक्त टाइमटेबल आणि पैसे घेऊन पृथ्वीला वळसा घालू शकतो, ही त्या वेळची ब्रेकिंग न्यूज होती. व्हर्नने तीच उचलली. फिलिआस फॉग लंडनच्या रिफॉर्म क्लबमध्ये पत्ते खेळता खेळता ८० दिवसांत पृथ्वीला वळसा घालायची २०,००० पौंडांची पैज लावतो आणि क्लबमधली मंडळी पेपरात छापून आलेला हिशोब वाचतात, लंडन ते सुएझ ७ दिवस, सुएझ ते मुंबई १३, मुंबई ते कलकत्ता ३, तिथून हाँगकाँग १३, योकोहामा ६, सॅन फ्रान्सिस्को २२, न्यूयॉर्क ७, परत लंडन ९. बेरीज करा, बरोब्बर ८०.

हे कोष्टक म्हणजेच पुस्तकाचा हिरो. फॉग नाही. फॉग तर माणूस कमी आणि घड्याळ जास्त, घरापासून क्लबपर्यंत त्याचा उजवा पाय डाव्याच्या पुढे ५७५ वेळा पडतो आणि डावा उजव्याच्या पुढे ५७६ वेळा, आणि दाढीचं पाणी ८६ डिग्री फॅरनहाइटऐवजी ८४ डिग्रीचं आणलं म्हणून तो नोकराला काढून टाकतो. आपल्या मुंबईकराला हा माणूस परका वाटूच नये, ९.०२ ची डोंबिवली फास्ट कितव्या डब्याच्या कितव्या दाराने पकडायची हे ठरलेली माणसं आपल्या प्रत्येकाच्या नात्यात आहेत. अशा माणसाला बलूनमध्ये बसवणं म्हणजे सगळं वाऱ्याच्या हवाली करणं. बलूनला टाइमटेबल नसतं हो. बलून आला की कोष्टक मेलं, आणि कोष्टक मेलं की उशीर झाला म्हणून पोटात जो गोळा येतो तोही गेला.

मग बलून आला कुठून, तर १९५६ च्या सिनेमातून. माइक टॉड हा निर्माता, दिग्दर्शक मायकेल अँडरसन, फॉग म्हणजे डेव्हिड निवन, नोकर पासपार्तू म्हणजे मेक्सिकोचा लाडका विनोदवीर कांतिन्फ्लास. यांचा आल्प्समधला रस्ता बर्फ कोसळून बंद होतो, मग हे पॅरिसहून बलून विकत घेऊन निघतात, वर जाता जाता पासपार्तू डोंगरमाथ्यावरचा बर्फ हाताने उचलून शॅम्पेन गार करतो आणि बलून भलतीकडे स्पेनमध्ये उतरतो. स्पेनमध्ये कशाला, तर कांतिन्फ्लासची बैलांशी झुंजायची नक्कल जगप्रसिद्ध होती, ती दाखवायची होती. आपल्याकडे नाही का, हिरोला डान्स येतो म्हणून मध्येच गाणं, तसंच. पण तो बलून इतका देखणा आला की पोस्टरवर गेला, पोस्टरवरून पुस्तकांच्या कव्हरवर गेला, आणि २००४ च्या, २०२१ च्या मंडळींनीही बलून ठेवलाच, कारण आता लोक तो शोधत येतात. तुमच्या मुलीसारखेच. मी स्वतः किंग्ज सर्कलच्या फुटपाथवरून जुनी इंग्रजी प्रत घेतली होती तिच्या कव्हरवरही लालपिवळा बलून आहे, आत अर्थात एकही नाही.

टॉडचा सिनेमा मात्र बघाच, आणि शक्य तितक्या मोठ्या पडद्यावर बघा. त्याने ‘टॉड-एओ’ नावाची स्वतःची ७० एमएमची पद्धत आणली होती, नेहमीच्या सेकंदाला २४ फ्रेमऐवजी ३० फ्रेम, म्हणजे चित्र लखलखीत आणि हलताना थरथर कमी. पण साध्या थिएटरच्या मशीनला ३० फ्रेम चालणार नाहीत म्हणून २४ फ्रेमचं दुसरं व्हर्जनही वेगळं शूट केलं. एडिटर म्हणून हे वाचलं तेव्हा माझ्या अंगावर काटा आला होता, तोच सिनेमा, पण मटेरियल दोनदा, आणि तेव्हा फिल्म हातात धरून कापायची होती. त्या वर्षी पाच ऑस्कर मिळाले त्याला, त्यात बेस्ट पिक्चर आणि एडिटिंगचंही. एडिटिंगचं बक्षीस जीन रुजिएरो आणि पॉल वेदरवॅक्स यांना, आणि प्रामाणिकपणे सांगतो, ते बक्षीस सिनेमा किती घट्ट आहे यासाठी नाही, इतका पसारा आवरला यासाठी असावं. जवळजवळ तीन तास चालतो, मध्ये मध्ये चाळीसच्या वर नामवंत चेहरे एकेका मिनिटासाठी डोकावून जातात, फ्रँक सिनात्रा पियानो वाजवतोय, बस्टर कीटन गाडीचा कंडक्टर झालाय. प्रेक्षक ‘अरे हा तो’ करण्यात गुंततो आणि फॉगला उशीर होतोय हे विसरतो. डोळ्यांना मेजवानी, घड्याळ गायब.

आता घड्याळाचाच विषय निघालाय तर आमच्या धंद्यातली एक गोष्ट. सेटवर भिंतीवर घड्याळ असलं की आर्ट डिपार्टमेंटचा शहाणा माणूस आधी त्यातला सेल काढतो. नाहीतर काय होतं, सीन सकाळी दहाला सुरू होतो आणि संध्याकाळी पाचला संपतो, मग मी टेबलावर दोन शॉट जोडतो तर बाई विचारते ‘चहा घेणार?’ तेव्हा भिंतीवर सव्वादहा आणि नवरा ‘हो’ म्हणतो तेव्हा पावणेचार. एका सिरियलमध्ये असा आख्खा एपिसोड आला होता माझ्याकडे, कुणीतरी मायेने घड्याळ चालू ठेवलेलं, मी दोन रात्री बसून प्रत्येक शॉट झूम करून ते घड्याळ फ्रेमच्या बाहेर ढकललं, नवऱ्याच्या कपाळाला फ्रेमची कड लागली पण घड्याळ गेलं. तर आमची सगळी कला पडद्यावरचा वेळ लपवण्याची, आणि व्हर्नचं पुस्तक म्हणजे पानोपानी वेळ दाखवण्याचं. हे भांडण मुळातलंच आहे. तास-मिनिटं पडद्यावर सतत दाखवली तर प्रेक्षक हिशोब करत बसतो, नाही दाखवली तर पैज कशाला लावली हेच विसरतो.

यावर सगळ्या सिनेमावाल्यांचा एकच तोडगा, घड्याळाच्या जागी माणूस आणायचा. कुणीतरी व्हिलन, कुणीतरी पाठलाग. २००४ चा जॅकी चॅनवाला घ्या, सुमारे ११ कोटी डॉलर खर्चून केलेला. त्यात फॉग हा वेंधळा संशोधक, पासपार्तू खरं तर चिनी गावातून चोरलेली जेडची बुद्धमूर्ती परत न्यायला निघालेला, त्यामुळे प्रत्येक मुक्कामी मारामारी. मारामाऱ्या मजेशीर आहेत, नाही म्हणत नाही, शिडी, खुर्ची, रंगाची बादली, हाताला लागेल ते घेऊन, माझ्या पुतण्याने तो सिनेमा इतक्या वेळा लावला की मला संवाद पाठ आहेत. पण ऐंशी दिवसांचे शंभर झाले असते तरी त्या कथेला काही फरक पडला नसता. २०२१ ची टेनंटची सीरीज त्यापेक्षा खूपच समजूतदार, आठ एपिसोड, त्यात पुस्तकातल्या, फॉगला बँकचोर समजून जगभर त्याच्या मागे लागलेल्या गुप्तहेर फिक्सच्या जागी अबिगेल फिक्स ही पत्रकार मुलगी, पासपार्तू कृष्णवर्णीय फ्रेंच तरुण, आणि फॉग हा आतून घाबरट, आयुष्यात कधी काही न केलेला माणूस. इथे घड्याळाच्या जागी त्याचं मन आणलंय. चांगलं केलंय, पण ते वेगळं पुस्तक आहे. शीर्षक फक्त उसनं.

पुस्तकाला सगळ्यात धरून म्हणाल तर माझं मत १९८९ च्या तीन भागांच्या मिनी-सीरीजला, पिअर्स ब्रॉस्नन फॉग, एरिक आयडल पासपार्तू आणि पीटर उस्तिनोव्ह फिक्स. टीव्हीचं बजेट आहे, काही ठिकाणी पडदे रंगवलेले कळतात, आणि पदरचं मीठमसाला यांनीही घातलंय, पण मुक्काम साधारण त्याच क्रमाने, आणि उस्तिनोव्हचा फिक्स बघताना वाटतं की हा माणूस खरंच फुकट जगभर फरफटला गेला.

आता आपल्या मुंबईकडे येऊ, कारण पुस्तकातली मुंबई हा माझा लाडका भाग आणि सिनेमांनी सगळ्यात वाईट वागवलेला भागही तोच. फॉगची बोट ‘मंगोलिया’ २० ऑक्टोबर १८७२ ला दुपारी साडेचारला धक्क्याला लागते, ठरल्यापेक्षा दोन दिवस आधी, आणि कलकत्त्याची गाडी रात्री आठची. साडेतीन तास हातात. आताचं सीएसएमटी तेव्हा नव्हतं, त्याचं काम १८७८ ला सुरू झालं, गाडी सुटायची ती जुन्या बोरीबंदरहून. फॉग साहेब मुंबईत काय बघतात? काही नाही. पासपोर्टवर शिक्का आणि स्टेशनातल्या खाणावळीत जेवण. तिथे त्याला ‘देशी ससा’ म्हणून एक डिश वाढतात, तो एक घास खातो, मालकाला बोलावतो आणि शांतपणे विचारतो की मारताना हा ससा म्याव म्हणाला नाही ना. दीड पानाचा सीन, दोन माणसं, एक टेबल, खर्च शून्य. पण बहुतेक सिनेमावाले त्यात पडत नाहीत, कारण मुंबई म्हटलं की त्यांना हत्ती, सापवाला आणि रंगीबेरंगी बाजारच हवा.

तिकडे पासपार्तू मात्र हिंडतो आणि मलबार हिलवरच्या देवळात बूट घालून शिरतो. पुजारी धरून बडवतात, बूट काढून घेतात, आणि हा गाडी सुटायला पाच मिनिटं असताना, डोक्याला टोपी नाही, पायात काही नाही, खरेदी केलेलं गाठोडं मारामारीत हरवलेलं, अशा अवतारात बोरीबंदरला धापा टाकत पोचतो. मुलगी सातवीत असताना आम्ही दोघं एका रविवारी हा रस्ता चाललो होतो, बाणगंगेच्या पायऱ्यांवर बसून पुस्तकातलं ते पान मोठ्याने वाचलं, मग वाळकेश्वरहून उतरून चौपाटी, ऑपेरा हाउस, मेट्रो सिनेमा करत सीएसएमटी. सव्वा तास लागला, तोही बूट घालून आणि मध्ये एका ठिकाणी उसाचा रस पिऊन. मुलगी म्हणाली, बाबा हा अनवाणी आला म्हणजे पाय सोलले असतील. व्हर्न काही हिंदुस्थानात कधी आला नव्हता, पण अंतर त्याने नीट मोजलंय असं दिसतं, आणि पाय सोलल्याचंही त्याच्या लक्षात असावं, कारण पुढे बऱ्हाणपूरला गाडी थांबते तिथे पासपार्तू खोट्या मोत्यांच्या सपाता विकत घेतो! आणि ते हरवलेले बूट नंतर थेट कलकत्त्याच्या कोर्टात पुरावा म्हणून टेबलावर येतात. एक वस्तू, तीन प्रकरणं, तीन कामं. स्क्रिप्ट लिहिणाऱ्या पोरांना मी हे बूट नेहमी सांगतो.

व्हर्नने एक लबाडी मात्र केली. गाडी मध्येच थांबते आणि गार्ड सांगतो की पुढे अलाहाबादपर्यंत ५० मैल रूळच टाकलेले नाहीत, पेपरवाल्यांनी उगाच लाइन पुरी झाली म्हणून छापलं. वर सांगितलं तसं प्रत्यक्षात ती लाइन दोन वर्षं आधीच झाली होती. पण रूळ असते तर हत्ती आला नसता, २,००० पौंडांना हत्ती घेतला नसता तर जंगलातून जावं लागलं नसतं, आणि जंगलातून गेले नसते तर औदा भेटली नसती. मी याला दोष देत नाही. कथेसाठी ५० मैल रूळ उखडायला छाती लागते.

औदा! हिच्याबद्दल मला सगळ्या सिनेमावाल्यांशी भांडायचंय. सिनेमात ती ‘इंडियन प्रिन्सेस’, पुस्तकात ती आपल्या मुंबईची पारशी मुलगी आहे हो, श्रीमंत व्यापाऱ्याची लेक, इथेच इंग्रजी शिकलेली, आईबाप गेल्यावर बुंदेलखंडच्या म्हाताऱ्या राजाशी मनाविरुद्ध लग्न लावून दिलेली. आणि व्हर्न तिला सर जमशेटजी जीजीभॉय यांच्या नात्यातली म्हणतो, म्हणजे आपल्या जेजे हॉस्पिटलवाल्यांच्या घरातली! हाँगकाँगला ती ज्या नातेवाइकाकडे जायला निघते तोही याच गोतावळ्यातला. त्या काळचे मुंबईचे पारशी आणि त्यांचा चीनशी व्यापार हे सगळं एका पात्रात आलंय. आणि १९५६ ला काय केलं, तर शर्ली मॅक्लेनला सावळा मेकअप फासून बसवलं. २००४ ला तर औदाच काढून टाकली आणि मोनिक नावाची फ्रेंच चित्रकार आणली, मुंबईही गेली, हिंदुस्थान म्हणजे आग्रा. २०२१ मध्ये औदा आहे पण ती एका खेड्यातली बाई. मी बघितलेल्या एकाही व्हर्जनमध्ये गिरगाव-फोर्टच्या पारशी घरात वाढलेली, बहुधा फॉगपेक्षा चांगली बोलणारी मुलगी दिसली नाही. कुणी ती केली तर फुकट एडिट करून देईन, लिहून घ्या.

इथेच तुम्हाला पालक म्हणून एक सूचना. औदाला सती नेतायत तिथून सोडवतात, तो प्रसंग मुलीशी आधी बोलून घ्या. कंपनी सरकारने १८२९ ला सतीबंदी केली होती, व्हर्नला ते माहीत होतं म्हणून त्याने प्रसंग संस्थानी मुलखात नेला, आणि ज्या पारशी समाजात दहनच नाही तिथली मुलगी चितेवर चढवली. त्यातलं वर्णन रंगवून रंगवून भडक केलंय, युरोपातल्या वाचकाला शहारे यावेत म्हणून. अमेरिकेतल्या आदिवासींच्या बाबतीतही तेच. मी पुस्तक लपवा म्हणत नाही, फक्त अकरा वर्षांच्या मुलीने ते एकटीने गिळू नये.

आता शेवट. मुलीचं वाचून झालं नसेल तर हा पॅरा तिला दाखवू नका.

फॉग पूर्वेकडे निघाला म्हणजे सूर्याला सामोरा गेला. पृथ्वीचे ३६० अंश, प्रत्येक अंशाला ४ मिनिटं, म्हणजे पूर्ण फेरीत २४ तास. ८० दिवसांत वाटले तर त्याचा प्रत्येक दिवस साधारण १८ मिनिटांनी लहान होता, तो रोज २३ तास ४२ मिनिटांचा दिवस जगत होता. त्याने ८० सूर्योदय मोजले तेव्हा लंडनवाल्यांनी ७९ च बघितलेले. तो पाच मिनिटं उशिरा पोचलो म्हणून घरी जाऊन बसतो आणि प्रत्यक्षात तो एक दिवस आधी आलेला असतो. पासपार्तूचं पणजोबांचं घड्याळ सगळा प्रवासभर लंडनच्याच वेळेवर, तो हट्टाने काटे हलवत नाही, त्यात उत्तर होतं, पण बारा तासांच्या डायलवर दिवस-रात्र कळत नाही. (असा हट्टी माणूस आपल्याला ओळखीचाच. १९०६ ला स्टँडर्ड टाइम आला तरी मुंबई शहर १९५५ पर्यंत स्वतःचा ३९ मिनिटं मागे असलेला ‘बॉम्बे टाइम’ धरून बसलं होतं.)

आणि व्हर्नने हे कापलंय कसं बघा, मी अक्षरशः उठून दाद दिली होती. ३५व्या प्रकरणाच्या शेवटी पासपार्तू फॉग आणि औदाच्या लग्नासाठी पाद्र्याकडे धावत सुटतो. कट. ३६व्यात आपण थेट क्लबमध्ये, पैजेवाली मंडळी सेकंद मोजतायत, शेवटच्या मिनिटाच्या ५७व्या सेकंदाला दार उघडतं आणि फॉग उभा. वाचक चक्रावतो, हा इथे कसा? मग ३७व्यात मागे जाऊन सांगतो की पाद्र्याकडे कळलं उद्या सोमवार नाही, रविवार आहे. म्हणजे आधी धक्का, मग कारण. सिनेमावाले बहुतेक सरळ लावतात, आधी तारीख कळते, मग बग्गी, धावाधाव, मग क्लब. त्यातही मजा आहे, प्रेक्षक खुर्चीच्या टोकाला येतो, पण तोंड उघडं राहत नाही. आणि हे पुस्तक ‘ल ताँ’ या पॅरिसच्या पेपरात ६ नोव्हेंबर ते २२ डिसेंबर १८७२ रोज छापून येत होतं, कथेतली तारीख २१ डिसेंबर आणि शेवटचा भाग २२ ला! ‘आता काय होणार’ हे लोक कॅलेंडरबरोबर वाचत होते. कुठल्याही ओटीटीवाल्याला हे अजून जमलेलं नाही.

आवृत्ती कोणती घ्यावी तेही विचारलंय. मराठीत व्हर्न मुलांपर्यंत आणला तो प्रामुख्याने भा. रा. भागवतांनी, आमची पिढी त्यांच्यावरच वाढली, त्यांचं काही मिळालं तर सोडू नका. बाजारात संक्षिप्त आवृत्त्या खंडीभर, त्यांच्यासाठी माझी एक टेस्ट आहे. दुकानात उभं राहून गॅस शोधा. निघायच्या गडबडीत पासपार्तू त्याच्या खोलीतला गॅसचा दिवा चालू ठेवून येतो आणि फॉग म्हणतो ठीक आहे, तुझ्या खर्चाने जळेल. रोज २ शिलिंग, म्हणजे पगारापेक्षा ६ पेन्स जास्त. शेवटी सगळा हिशोब होतो, २०,००० जिंकले, १९,००० वाटेत खर्च झाले, उरलेले १,००० फॉग पासपार्तू आणि फिक्सला वाटून देतो, आणि पासपार्तूच्या वाट्यातून १,९२० तासांचा गॅस कापून घेतो! संक्षिप्तवाले हे पहिल्यांदा उडवतात, कारण कथेला ‘लागत नाही’. मीही उडवलं असतं. एकदा उडवलंय, एका सिनेमात सुरुवातीला आई चाव्यांचा जुडगा डब्यात ठेवते असा आठ सेकंदांचा शॉट मला रेंगाळलेला वाटला, काढला, आणि शेवटी मुलगा तो डबा उघडतो तेव्हा प्रिव्ह्यूला बसलेल्या एकालाही रडू आलं नाही. दोन दिवस मी म्युझिकला दोष देत होतो. मग शॉट परत लावला. तर गॅस नसेल ती आवृत्ती परत ठेवा.

क्रम म्हणाल तर आधी पुस्तक, भिंतीवर जगाचा नकाशा आणि पेन्सिलीने फॉगच्या तारखा, मग १९५६ चा बलूनसकट, मग १९८९. मध्ये जमलं तर मायकेल पेलिनचा बीबीसीवरचा खरा प्रवास बघा, त्याने १९८८ मध्ये विमान टाळून तीच फेरी केली, दुबईहून मुंबईला चक्क शिडाच्या गलबतातून आला आणि इथे फुटपाथवर आंधळ्या न्हाव्याकडून दाढी करून घेतली, आमच्या घरी सगळ्यात जास्त आवडलेलं ‘एटी डेज’ ते.

आणि तुमची मुलगी बलून शोधण्याइतकी चिकित्सक आहे तर तिला एक काम द्या. फॉग स्वतःच्या हिशोबाने ११ डिसेंबरला रात्री न्यूयॉर्कला पोचतो आणि ११ डिसेंबरलाच सुटणारी लिव्हरपूलची बोट पाऊण तासाने चुकते, म्हणून तो दुसरी बोट ६०,००० डॉलरला विकत घेऊन तिचं लाकूड जाळत जातो. पण त्याचा हिशोब एक दिवस पुढे होता ना? हे माझ्या मुलीने मला बाणगंगेवरून परतताना, चर्नी रोडच्या पुलावर विचारलं होतं. म्हणजे न्यूयॉर्कमध्ये त्या रात्री १० च तारीख असणार, बोट धक्क्यालाच उभी असणार, आणि हा दुसऱ्या दिवशी आरामात बसून गेला असता. मी म्हटलं आधी रस पिऊ.